डिस्चार्जनंतरचा पत्ता

परळ नाक्यावर ‘बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल’ कुठे असं विचारलं, तर ऐकणारा क्षणभर विचारात पडतो. ‘बैलघोडा’ म्हटलं की लगेच हात लांब करून रस्ता दाखवतो. १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था स्थापन झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शहरात घोड्यांच्या ट्रामही धावू लागल्या. पुढे १८८३ साली पेटिट घराण्याच्या देणगीतून हे इस्पितळ उभं राहिलं आणि सर दिनशॉ यांच्या पत्नीचं नाव त्याला मिळालं. दारात रुग्ण म्हणून आले ते मालगाड्या ओढून खांदे सोललेले बैल आणि ट्रामचे, टांग्यांचे घोडे. ट्रामचे घोडे १९०५ साली गेले. व्हिक्टोरिया घोडागाड्यांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली बंदी आणली. बैलगाड्या केव्हा दिसेनाशा झाल्या ते कुणाच्या लक्षातही नाही. नाव तेवढं राहिलं. आत जाणाऱ्यांत आता भरणा कुत्र्यामांजरांचा.

या बदलात एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. बैल बरा झाला की गाडीवाला त्याला न्यायला यायचा, कारण बैलाशिवाय त्याची चूल पेटत नव्हती. ट्रामच्या घोड्याला कंपनीचा तबेला होता. आजारी जनावर कुठून आलं आणि बरं झाल्यावर कुठे जाणार, याबद्दल डॉक्टरला प्रश्न पडत नसे. लालबागच्या उड्डाणपुलाखालून ॲम्ब्युलन्समध्ये घालून आणलेल्या कुत्र्याचं तसं नाही. आणणारा माणूस भला असतो, कागदावर सही करतो, दोन दिवसांनी फोनही करतो. पण तो त्याचा मालक नव्हे. कुत्रा उठून बसतो, खायला लागतो, येणाऱ्याजाणाऱ्याला शेपूट हलवून दाखवतो, आणि मग केसपेपरवर एक रिकामी जागा उरते: हा जाणार कुठे?

मुंबईला आजारी कुत्रा वाचवता येतो, आणि अलीकडे तर फार चांगला वाचवता येतो. जून २०२४च्या अखेरीस रतन टाटांनी इन्स्टाग्रामवरून मुंबईकरांकडे मदत मागितली होती. टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय महालक्ष्मीला तेव्हा नुकतंच सुरू होत होतं; खर्च १६५ कोटी, जागा ९८ हजार चौरस फूट. तिथे दाखल झालेल्या सात महिन्यांच्या एका कुत्र्याला गोचीडतापाचा संशय होता आणि त्याचं रक्त जीवघेणं कमी झालं होतं. त्याला रक्त देणारा कुत्रा हवा होता. अटी साध्या नव्हत्या. वजन पंचवीस किलोच्या आसपास हवं, लसी झालेल्या हव्यात, आणि गेल्या सहा महिन्यांत अंगावर गोचीड नको. हाक मारल्यावर दाते मिळाले. कॅस्पर, लिओ, स्कूबी, रोनी आणि इव्हान अशी त्या पाच कुत्र्यांची नावं पुढे टाटांच्या खात्यावरूनच जाहीर झाली.

सहा महिने गोचीड न लागलेला कुत्रा मुंबईत रस्त्यावर सापडणं कठीण. तो घरातच मिळणार. म्हणजे या शहरात सुदृढ कुत्री पाळणारी, एका हाकेसरशी गाडी काढून महालक्ष्मी गाठणारी घरं आहेत. शहराच्या कनवाळूपणाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. शंका आहे ती त्या कनवाळूपणाच्या मुदतीबद्दल. संकटाच्या रात्री तो धावून येतो. पुढच्या दोन महिन्यांच्या पथ्यपाण्याला त्याच्याकडे जागा नसते. आणि वैद्यकाच्या बाजूने पाहिलं तर ते दोन महिने हा उपचाराचाच भाग आहे.

गोचीडतापाचंच घ्या. एर्लिकिया नावाचा जिवाणू तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरतो. औषध स्वस्त आणि जुनं आहे, डॉक्सिसायक्लिन. गोळी सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रा अन्नाकडे वळतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं बरं. पण कोर्स अठ्ठावीस दिवसांचा असतो. तो अर्ध्यावर सुटला तर जिवाणू प्लीहेत दडी मारून बसतो आणि काही महिन्यांनी रक्तपेशींवर उठतो. तेव्हा तो आवरणं कठीण. रस्त्यावरच्या कुत्र्याला अठ्ठावीस दिवस, रोज ठरल्या वेळी, पोटात काहीतरी घालून गोळी द्यायची कोणी? परळ-लालबागच्या गल्ल्यांत हे काम बहुतेक वेळा एखादी काकू करते. चिकनच्या तुकड्यात गोळी दडवून ती रात्री नऊला खाली उतरते. एखाद्या दिवशी कुत्रा दुसऱ्या गल्लीत गेलेला असतो, किंवा त्याच्या तोंडचा तुकडा दुसराच दांडगा पळवतो, किंवा काकू गावाला गेलेली असते. गोळीचा हिशेब चुकतो. शिवाय ज्या गोचिडीने ताप दिला तिची भावंडं त्याच फुटपाथच्या फटीत वाट पाहत असतात.

टीव्हीटी हा कुत्र्यांमध्ये मुख्यतः समागमातून पसरणारा गाठीचा कर्करोग. रोग ऐकायला भयंकर, पण बरा होण्यात कर्करोगांमध्ये अव्वल. आठवड्याला एक व्हिनक्रिस्टिनचं इंजेक्शन, साधारण चार ते सहा वेळा, आणि बहुतेक कुत्रे खडखडीत बरे होतात. माणसाला त्याची बाधा नाही. पण सहा आठवडे कुत्रा दर ठरल्या वारी हाताशी हवा, आणि इंजेक्शनाने पांढऱ्या पेशी खाली येतात म्हणून त्या काळात इतर संसर्गांपासून दूरही हवा. डिस्टेंपरची गोष्ट आणखी वेगळी. गोवराच्या विषाणूचा हा नातलग बहुसंख्य पिल्लांना घेऊन जातो. वाचलेल्यांपैकी काहींना जन्मभरासाठी एखाद्या पायाचा किंवा जबड्याचा ठेका लागून राहतो, झोपेतही स्नायू उडत राहतो. कुत्र्याला त्याने फारसं दुखत नाही, तो खातो, खेळतो, माणसाला चिकटून बसतो. पाहणारा मात्र दोन पावलं मागे सरतो. पावसाळ्यात किडे पडलेल्या जखमांचे रुग्ण येतात. किडे एका दिवसात निघतात, पण जखम भरायला महिना लागू शकतो, आणि महिनाभर ती कोरडी ठेवायची म्हणजे डोक्यावर छप्पर हवं.

या सगळ्यांत समान काय? औषध संस्थेकडे आहे, डॉक्टर आहे, सुई आहे. नाही ती एक कोरडी जागा आणि रोज त्याच वेळी येणारा तोच हात.

निवारा हे काम करू शकत नाही का? थोडं करू शकतो, पण ते त्याचं काम नव्हे. इस्पितळाचा पिंजरा ही खाट आहे. बरा झालेला कुत्रा जागा नाही म्हणून त्यात आठवडेच्या आठवडे बसून राहिला, तर तेवढे दिवस दारात आलेल्या नव्या रुग्णाला ‘जागा नाही’ हेच उत्तर मिळतं. देणगीदारांना नवं यंत्र घेऊन देणं आवडतं, भिंतीवर नावाची पाटी लागते. पण एखाद्या कुटुंबाने बरा होत आलेला कुत्रा घरी नेला तर एक खाट त्याच दिवशी, फुकटात रिकामी होते. या हिशेबाची पाटी कुठे लागत नाही. शिवाय जिथे रोज नवे आजार आत येतात तिथेच अशक्त कुत्र्याला ठेवणं हा जुगार आहे. पार्व्होचा विषाणू फरशीवर, भांड्यांवर महिनोन्‌महिने तग धरतो. गोचीडतापातून उठलेला कुत्रा पिंजऱ्यातून खोकला घेऊन पुन्हा तपासणीच्या टेबलावर येतो, हे निवाऱ्यात काम करणाऱ्यांना नवं नाही.

आणि माणसाळलेल्या कुत्र्याला पिंजरा अधिक जाचतो. अमेरिकेतल्या पाच निवाऱ्यांमध्ये केलेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला लिसा गंटर व सहकाऱ्यांचा अभ्यास इथे उपयोगी आहे. निवाऱ्यातल्या कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी कुणाच्या तरी घरी पाठवलं आणि आधी, तेव्हा व नंतर त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण दाखवणारं संप्रेरक, मोजलं. घरी असताना ते उतरलं. निवाऱ्यात परतल्यावर पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेलं. एका रात्रीची झोपदेखील लघवीच्या नमुन्यात दिसते, तर महिनाभराची दिसणारच. ताण वाढला की प्रतिकारशक्ती घटते हे माणसाच्या वैद्यकातही सर्वमान्य आहे.

खरं तर मनमिळाऊपणाच या कुत्र्याच्या मुळावर येतो. भित्रा किंवा खाष्ट कुत्रा रस्त्यावर स्वतःला सांभाळून असतो. गाडी आली, पोरं दगड घेऊन आली की सटकतो. इस्पितळात दोन महिने हातावर वाढलेला, प्रत्येक माणसाला आपला समजणारा कुत्रा परत फुटपाथवर सोडला तर तो प्रत्येक चपलेपाशी जातो. इतक्या दिवसांत त्याची गल्ली दुसऱ्या टोळीने घेतलेली असते. २००१चे आणि नंतर २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की नसबंदी आणि लसीकरण झालेला कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा. धडधाकट कुत्र्यासाठी हा नियम शहाणपणाचा आहे, कारण रिकामी झालेली गल्ली नवे, लस न घेतलेले कुत्रे भरून काढतात. पण थरथरत्या पायाचा, अर्धा कोर्स बाकी असलेला कुत्रा या नियमाच्या चौकटीत बसत नाही, आणि पिंजऱ्यातही बसत नाही.

मुंबईने कुत्र्याच्या जिवासाठी भांडण केलंय, तेही चांगलं कडाक्याचं. उन्हाळ्यात मोकाट कुत्रे मारण्याचा इंग्रज सरकारचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरच्या, अंगणातल्या कुत्र्यांनाही हात घालू लागले, तेव्हा ६ जून १८३२ रोजी फोर्टमध्ये पारशी रस्त्यावर उतरले. पारशी धर्मात मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, कुत्रा हा त्यांच्या अखेरच्या प्रवासाचा साक्षीदार. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, हिंदू, जैन, मुसलमानही सामील झाले, आणि कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली. लष्कर आणून दंगा मोडला गेला. पण दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभॉय आणि जैन शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली, ती मुख्यतः या मारल्या जाणाऱ्या जनावरांना आसरा म्हणून. गिरगावकरांना आज पांजरापोळ म्हणजे गाईंना चारा घालण्याची जागा एवढंच ठाऊक असतं. तिच्या जन्मामागे भटके कुत्रे होते.

महापालिकेने कुत्रे मारण्याचं काम इंग्रज गेल्यावरही अनेक दशकं चालू ठेवलं. १९९४ साली ते थांबलं आणि नसबंदी सुरू झाली. या सगळ्या दीड-दोनशे वर्षांच्या झगड्याचं मागणं एकच होतं: मारू नका. ते मान्य झालं. पांजरापोळीची कल्पनाही त्याच मागणीतून आलेली, जीव राखा, चारापाणी घाला, बाकी ईश्वर बघेल. मराठी मनाची ठेवणही याहून निराळी नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ही गोष्ट प्रत्येक मुलाला सांगितली जाते. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो. आपल्या श्रद्धेत कुत्र्याला भाकरी आहे, तूप आहे, देवाच्या चित्रात जागासुद्धा आहे. उंबरठ्याच्या आत मात्र त्याला सहसा जागा नाही. घरात कुत्रा बाळगणं हे साहेबी थेर, म्हणून त्याची थट्टाच अधिक झाली, पु. लं.चा ‘पाळीव प्राणी’ हा लेख आठवावा. थट्टा झकास आहे, आणि ज्या घरांची ती आहे त्यांनी ती कमावलेलीही आहे. पण बंगल्यातला अल्सेशियन आणि दारचा भुकेला, एवढीच दोन रूपं नजरेत राहिली, आणि आजारातून उठलेल्या कुत्र्याला महिनाभर घरात ठेवून घेणं ही तिसरी शक्यता कुणाला सुचलीच नाही.

न सुचावी याचं नवल वाटतं, कारण माणसांच्या बाबतीत हीच कल्पना या वस्तीच्या हाडीमांसी मुरलेली आहे. गिरगाव, परळ, लालबागमध्ये कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांच्या खोल्या होत्या. गावकीने मिळून भाड्याने घेतलेल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस गिरणी कामगार पाळीपाळीने झोपत. गावाहून कुणी केईएममध्ये ऑपरेशनला आला की डिस्चार्जनंतर तो याच खोलीत किंवा एखाद्या नातेवाइकाच्या चाळीत उतरायचा. टाके निघेपर्यंत राहायचा, मग एसटी धरायचा. कुणी त्याला दत्तक घेतलं नव्हतं. पण इस्पितळ आणि गाव यांच्यामध्ये काही आठवड्यांचं एक घर लागतं, हे सगळ्यांना कळत होतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आजही याच कारणाने राहतात. औषध परळला मिळतं, पण त्या औषधाला लागू पडायला छप्पर दादरला द्यावं लागतं. कुत्र्यासाठी नेमकी हीच मधली जागा हवी आहे. तिला प्राणिमित्रांच्या बोलीत ‘फॉस्टर’ म्हणतात.

‘दत्तक घ्या’ या आवाहनाने लोक दचकतात, आणि दचकावंच. बारा-चौदा वर्षांचा शब्द आहे तो. २०२०च्या टाळेबंदीत अनेकांनी तो घाईने दिला आणि ऑफिस सुरू झाल्यावर मागे घेतला. चार-सहा आठवड्यांसाठी, औषधपाण्याचा खर्च संस्थेचा, आणि नाही जमलं तर परत न्यायला संस्था बांधील, असा करार असेल तर विचारणारे आणि ऐकणारे दोघेही मोकळेपणाने बोलू शकतात. काही फॉस्टर घरांतून कुत्रा हलत नाही, तिथेच राहतो. तो नफा समजावा, अट समजू नये.

हे लालबागच्या खोलीत बसतं का? जागेची अडचण खरी आहे, पण तिच्याबद्दल बोलणारे बहुतेक वेळा चुकीची जागा मोजतात. अशक्त, प्रौढ, गावठी कुत्रा दिवसातले बरेच तास झोपतो; त्याला पंख्याखालचा एक कोपरा पुरतो. एकशेऐंशी फुटांच्या खोलीत जर्मन शेफर्डचं पिल्लू ठेवणं हा अत्याचार आहे, पण सहा वर्षांचा, ठेका लागलेल्या पायाचा गावठी कुत्रा ठेवणं हा नाही. शिवाय चाळीला कुत्रा सांभाळण्याची सवय आहे. जिन्याखाली झोपणारा, पहिल्या मजल्यावर माशांचे काटे आणि तिसऱ्यावर दूधपोळी खाणारा, रात्रपाळीच्या माणसाला ओळखून अनोळख्यावर भुंकणारा कुत्रा हा कुणाचाही नव्हता आणि म्हणून सगळ्यांचा होता. काट्यांचं आणि तिखट रश्श्याचं पथ्य सोडलं तर ही व्यवस्था नाव ठेवण्यासारखी नव्हती. बरं होणाऱ्या कुत्र्याला एकाच घराने सगळं द्यावं अशी सक्ती नाही. गोळी एका बिऱ्हाडाने द्यावी, फिरवायला शेजारच्या कॉलेजातल्या मुलाने न्यावं, इंजेक्शनच्या दिवशी टॅक्सीचं भाडं मंडळाने काढावं.

अडचण येते ती दुसऱ्याच ठिकाणी. परळ-लालबागचा माणूस गणपतीला आणि शिमग्याला गावाला जातो, म्हणजे जातोच. त्याला कुत्र्याबद्दल विचारलं की पहिलं उत्तर येतं, ‘गणपतीत काय करायचं त्याचं?’ प्रश्न अगदी रास्त आहे. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गाचा कूपे आरक्षित करा नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत त्याला कोंडा. जनरलच्या डब्यात त्याला जागा नाही. आणि त्याच दहा दिवसांत इथे ढोलताशे, माणसांची रीघ आणि रात्रभर चालणारे स्पीकर यांनी लालबागचे धडधाकट कुत्रेसुद्धा सैरभैर होतात. फॉस्टरची कोणतीही योजना या वस्तीत टिकायची असेल तर तिने अर्जावर पहिल्यांदा हेच विचारावं: गणपतीत तुम्ही कुठे असता? आणि त्या पंधरवड्यासाठी शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, गिरगावातल्या न हलणाऱ्या घरांची दुसरी यादी तयार ठेवावी. प्राणिमित्र संस्था अमेरिकी नमुन्याचे फॉर्म वापरतात. अंगणाला कुंपण आहे का, असं त्यात असतं. लालबागमध्ये!

आवाहनाच्या भाषेचंही तेच. डोळ्यांत पाणी आणणारा फोटो, ‘या बिचाऱ्याला घर द्या’ आणि खाली हात जोडलेली चित्रं. अशा आवाहनावर येणारा माणूस दयेपोटी येतो, आणि दया पहिल्या भिजलेल्या सतरंजीपर्यंत टिकते. याउलट रतन टाटांनी केलेली आवाहनं पाहावीत. २०२० साली त्यांनी मायरा नावाच्या नऊ महिन्यांच्या, सोडून दिलेल्या कुत्रीसाठी घर मागितलं. पुढे सुर नावाच्या कुत्रीसाठी मागितलं. तिचे मागचे पाय अपघातात गेले होते, पण चाकांच्या गाडीवर ती धावते, इतर कुत्र्यांबरोबर खेळते, असं त्यात लिहिलं होतं. काय गेलं आहे आणि काय शिल्लक आहे, दोन्ही समोर. घर देणाऱ्याला निर्णय घ्यायला हीच माहिती लागते: कोणता आजार होता, कोणतं औषध किती दिवस बाकी आहे, घरात लस न झालेलं पिल्लू असेल तर चालेल का, पोराबाळांत तो कसा वागतो, खोलीत एकटा किती तास राहतो. ‘मनमिळाऊ’ हे विशेषण सगळेच लावतात, त्यामुळे त्याला काही किंमत उरत नाही. अनोळखी माणसाने पुढ्यातली थाळी उचलली तर तो काय करतो, हे लिहिलं तर शंभर विशेषणांचं काम होतं. टाटांच्या हाकेला लाखो कान होते हे खरं, परळच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याला ते नसतात. म्हणून तर त्याची माहिती अधिक चोख हवी.

आता दुसरी बाजू. ती टाळणारा लेख प्राणिमित्रांच्या मेळाव्यातच वाचला जाईल. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांत मुलं फार असतात. ज्या परळमध्ये हाफकिन संस्थेने वर्षानुवर्षं रेबीजची लस बनवली, तिथल्या आईला ‘कुत्रा चावत नाही हो’ असं सांगून भागणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे निवाऱ्यात टाकायला सांगितलं, २२ ऑगस्टला ते बदलून नसबंदी आणि लसीनंतर परत सोडण्याची मुभा दिली, आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातले कुत्रे हलवून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश दिला. या शेवटच्या आदेशाचा नकाशा काढला तर परळ-दादरवर गडद ठिपका पडतो: केईएम, वाडिया, टाटा, दादर स्थानक. मुंबईत भटके कुत्रे ढोबळमानाने नव्वद हजार. २०१४च्या गणनेत महापालिकेला ९५,१७२ आढळले होते. दत्तक देऊन रस्ते रिकामे होतील असं म्हणणं म्हणजे धूळफेक. घरं मिळून मिळून किती मिळणार?

पण याच आकड्यांतून मधल्या घराची गरज वाढते. आवारातून हलवलेले कुत्रे निवाऱ्यात येणार, म्हणजे पिंजऱ्यांवरचा ताण आणखी वाढणार, आणि तिथे सर्वांत आधी आजारी पडणार ते नुकतेच आजारातून उठलेले. जे कुत्रे माणसाळलेले आहेत, ज्यांचं लसीकरण झालं आहे, ज्यांचा आजार माणसाला लागत नाही, तेवढे तरी तिथून बाहेर काढता आले तर उरलेल्या जागेत खरोखर धोकादायक किंवा खरोखर आजारी कुत्रे ठेवता येतील. २२ ऑगस्टच्या आदेशातच एक तरतूद आहे: प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेता येईल, त्याला खूण करून दिली जाईल, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. चर्चा सगळी पकडण्यावर झाली, हे कलम कोपऱ्यात राहिलं. महापालिकेने त्यात तात्पुरत्या सांभाळाची सोय घातली, परळ आणि महालक्ष्मीच्या इस्पितळांना जोडून घेतलं आणि औषधाचा खर्च उचलला, तर त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

विरोध सोसायटीच्या दारात होईल. लिफ्टमध्ये कुत्रा नको, कुत्रा असलेल्याला भाड्याने घर नको, मेंटेनन्सबरोबर जास्तीचे पैसे द्या, अशा पाट्या दादर-परळच्या नव्या टॉवरांत सर्रास दिसतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केलं आहे की बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टची मनाईही करता येत नाही. पाटी तरीही लागते, कारण तिच्याविरुद्ध भांडायला बारा वर्षं कुत्रा पाळणारा उभा राहील, सहा आठवड्यांसाठी सांभाळणारा राहणार नाही. तो म्हणेल, कशाला झंझट.

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळीही त्याच वाटेवर आहेत. एकशेसाठ फुटांच्या खोलीतून तिप्पट जागेत, पण जिन्याखालची जागा, ओटा आणि चौक मागे टाकून ही माणसं वर जाताहेत. या इमारतींच्या सोसायट्या व्हायच्या आहेत, उपविधी लिहिले जायचे आहेत. पहिल्या सर्वसाधारण सभेत पार्किंग, पाणी आणि गणपतीचा मंडप यांवर तासन्‌तास वाद होतील. त्याच विषयपत्रिकेत, पाट्या लागण्याआधी, एका ओळीचा ठराव घेता येईल: महापालिका किंवा मान्यताप्राप्त इस्पितळाचा कागद असलेला, लस झालेला कुत्रा रहिवाशाने उपचारापुरता ठेवला तर त्याला लिफ्ट खुली राहील. सूचक आणि अनुमोदक असे दोघे मिळाले की ठराव सभेपुढे येतो. त्या चाळींत असे दोघे मिळू नयेत, असं काही नाही.